टाकीची सावली, सहा पॅनेलं आणि रोजचे साडेतीन युनिट

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत घराच्या गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेलं एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या माळेत, बसवली आहेत, म्हणजे एकूण ३.२४ किलोवॅट. मे महिन्यात बसवली तेव्हा सावलीचं नावही नव्हतं. डिसेंबर लागला तशी आग्नेयेकडच्या पाण्याच्या टाकीची सावली सकाळपासून साधारण साडेअकरापर्यंत दोन पॅनेलांवर पडू लागली. शेजाऱ्यांचा तेवढाच प्लँट दिवसाला १३ युनिट देतो, तुमचा साडेनऊवर अडकतो. सोलरवाला म्हणतो, सहाही पॅनेलांना ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक पॅनेलला आपापल्या करंटवर चालू देणारी डबी, लावा. शिवाय भावाकडे ३३० वॅटची दोन जुनी पॅनेलं पडून आहेत, ती याच स्ट्रिंगला जोडली तर तूट भरून निघेल का, असं तुम्ही विचारता.

जुन्या पॅनेलांचं आधी सांगतो, कारण ती तुम्ही येत्या रविवारीच जोडाल अशी भीती वाटते. ती जोडू नका. जोडलीत तर उत्पादन वाढणार तर नाहीच, उलट कमी होईल. हिशेब खाली देतो. ऑप्टिमायझरचीही इतक्यात ऑर्डर देऊ नका. तुमची तूट सावलीच्या मानाने फार मोठी आहे आणि खरी मेख तिथेच आहे.

मिसमॅच, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलांची (पॅनेलमधल्या वीज देणाऱ्या चकत्यांची) कुवत सारखी नसल्याने वाया जाणारी वीज, समजायला एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. सेलचा करंट उजेडाच्या प्रमाणात बदलतो. उजेड निम्मा झाला की करंटही निम्मा. व्होल्टेज मात्र त्या मानाने जेमतेम हलतं. उजेड निम्म्यावर आला तरी सिलिकॉन सेलचं व्होल्टेज दोन-तीन टक्केच उतरतं. आता सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडणीत, सगळ्यांतून एकच करंट वाहावा लागतो आणि व्होल्टेजची बेरीज होते. पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडणीत, व्होल्टेज एक आणि करंटची बेरीज. म्हणजे उजेडातला फरक सिरीज जोडणीला झोंबतो, पॅरललला फारसा नाही. अर्ध्याअधिक शंकांची उत्तरं एवढ्यातच मिळतात.

सिरीज समजावताना सगळे पाण्याच्या पाइपचं उदाहरण देतात: एका ठिकाणी पाइप चेपला की पुढचं पाणी कमी. ते अर्धंच खरं आहे. चेपलेला पाइप पाणी अडवतो, स्वतः तापत नाही. सावलीतल्या सेलचं तसं नसतं. त्याच्या शेजारचे उन्हातले सेल आपला जास्तीचा करंट त्याच्यातून रेटायला बघतात, त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज उलटं होतं आणि तो वीज द्यायची सोडून खायला लागतो. जुन्या ६० सेलच्या पॅनेलचं गणित मांडा. त्यात सेलांचे तीन गट, एका गटात २० सेल. एक झाकला गेला तर उरलेले १९ सेल प्रत्येकी अर्ध्या व्होल्टच्या हिशेबाने त्याच्यावर साडेनऊ-दहा व्होल्ट उलटे टाकू शकतात. करंट आठ अँपिअर धरला तर वाईटात वाईट स्थितीत, एरवी जो सेल चार वॅट देत होता त्याच्याच अंगात ७०-८० वॅट जिरतात. तेही तळहाताएवढ्या काचेखाली. हॉटस्पॉट म्हणतात तो हाच. मागची पांढरी शीट तिथे पिवळी पडते, पुढे करपते, कधी काचही तडकते.

हे होऊ नये म्हणूनच पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये बायपास डायोड, म्हणजे करंटला पर्यायी वाट देणारे एकदिशा झडपेसारखे भाग, असतात. ६० किंवा ७२ सेलच्या पॅनेलला सहसा तीन, म्हणजे २० किंवा २४ सेलांच्या गटाला एक. गटातला एखादा सेल मागे पडला आणि गटाचं व्होल्टेज उलटं व्हायला लागलं की डायोड वाट मोकळी करतो, करंट त्या गटाला वळसा घालून निघून जातो. किंमत मोजावी लागते ती त्या गटाच्या व्होल्टेजची आणि डायोडमध्ये पडणाऱ्या अर्ध्या व्होल्टची. बाकीची स्ट्रिंग पूर्ण ताकदीने चालू राहते. ‘एक पान पडलं की सगळी स्ट्रिंग बंद’ हे वाक्य ऑप्टिमायझर विकणाऱ्यांच्या तोंडी फार ऐकू येतं. डायोड धड असतील आणि इन्व्हर्टर (पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) शहाणा असेल तर ते खरं नाही.

आता तुमच्या सहा पॅनेलांकडे येऊ. ५४० वॅटच्या पॅनेलचे ठोकळ आकडे असे असतात: चालू व्होल्टेज ४१.५, चालू करंट १३ अँपिअर. सहा मिळून २४९ व्होल्ट. प्रत्येकाचे तीन गट, म्हणजे एकूण १८ गट, एकेक साधारण पावणेचौदा व्होल्टचा. समजा एकाच गटावर सावली आहे आणि त्याचा करंट निम्मा झाला. इन्व्हर्टरपुढे दोन पर्याय असतात. एक, सगळ्या स्ट्रिंगचा करंट साडेसहावर आणायचा आणि १८ ही गट कामाला लावायचे. यात जवळपास निम्मी वीज जाते. दोन, करंट १३ च ठेवायचा, तो एक गट सोडून द्यायचा आणि २४९ च्या जागी २३५ व्होल्टवर चालायचं. यात जेमतेम सहा टक्के जातात. पॅनेलं तीच आणि सावलीही तीच, तरी तोटा सहा टक्केही होऊ शकतो आणि पन्नासही. कुठला पर्याय निवडला जातो ते इन्व्हर्टरमधला एमपीपीटी, म्हणजे सगळ्यात जास्त वॅट मिळतील ते व्होल्टेज शोधणारा भाग, ठरवतो.

सावली नसते तेव्हा व्होल्टेज आणि वॅट यांच्या आलेखाला एकच उंचवटा असतो. एमपीपीटी व्होल्टेज थोडं पुढे, थोडं मागे सरकवून बघतो आणि वॅट वाढतील त्या बाजूने चढत जातो. सावली पडली की त्याच आलेखाला दोन-तीन उंचवटे येतात. थोडंसं पुढे-मागे बघणारा एमपीपीटी हाती लागलेल्या पहिल्या टेकाडावर चढून बसतो. पलीकडचा डोंगर त्याला दिसतच नाही. सकाळी उठल्यावर बहुतेक इन्व्हर्टर ओपन सर्किट व्होल्टेजकडून (करंट वाहत नसतानाच्या व्होल्टेजकडून), म्हणजे वरच्या व्होल्टेजकडून खाली येत शोध घेतात. त्या बाजूचं पहिलं टेकाड असतं जास्त व्होल्टेज-कमी करंटवालं, म्हणजे नेमकं तोट्याचं. तुमची सावली उजाडल्यापासूनच असते. म्हणजे तुमचा इन्व्हर्टर दिवसाची सुरुवातच चुकीच्या टेकाडावरून करत असण्याची शक्यता बरीच आहे.

हा नुसता अंदाज नाही, तुमच्या आकड्यांशी तो जुळतो. डिसेंबरातल्या स्वच्छ दिवशी साडेअकराच्या आत दिवसाची साधारण एक तृतीयांश वीज तयार होते. शेजाऱ्यांच्या १३ युनिटांतली म्हणजे सव्वाचार. आता वाईटात वाईट धरू: तोवर तुमची दोन्ही पॅनेलं पूर्ण सावलीत, डायोडनी दोन्ही बाजूला काढलेली. सहापैकी दोन गेली, म्हणजे सव्वाचारचा तिसरा भाग, जवळपास दीड युनिट. सावली सरकती असते, ती दोन्ही पॅनेलांवर सगळा वेळ सगळीकडे नसते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच. तुमची तूट साडेतीनची आहे. दुसऱ्या बाजूने बघा: इन्व्हर्टर चुकीच्या टेकाडावर बसून सावलीतल्या सेलांच्या करंटवर सगळी स्ट्रिंग चालवत असेल, तर थेट ऊन अडल्यावर आभाळाकडून येणारा उजेड सरासरी पाचवा हिस्सा धरला, की सव्वाचारातले ऐंशी टक्के गेले. म्हणजे जवळपास साडेतीन. इतकं चपखल बसणं हा योगायोगही असू शकतो, पण मी तपासाला इथूनच सुरुवात करेन.

तपासायला शिडी लागत नाही. ऊन स्वच्छ असलेल्या दिवशी साडेनऊ वाजता इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये किंवा त्याच्या डिस्प्लेवर डीसीचे दोन आकडे बघा, पीव्ही (म्हणजे पॅनेलांकडून येणारं) व्होल्टेज आणि पीव्ही करंट. व्होल्टेज २४५-२५५ च्या आसपास आणि करंट दीड-दोन अँपिअर दिसला तर इन्व्हर्टर टेकाडावर अडकलाय. व्होल्टेज १६०-१७० आणि करंट सात-आठ दिसला तर तो शहाणा आहे, त्याने दोन पॅनेलं सोडून दिली आहेत. मग उरलेली तूट दुसरीकडे शोधायची. मधले आकडेही दिसू शकतात. तुमची पॅनेलं हाफ-कट आहेत. त्यांत १४४ अर्धे सेल असतात, वरचे ७२ आणि खालचे ७२ असे दोन भाग, आणि ते एकमेकांना पॅरलल. सावली फक्त खालच्या भागावर असेल तर वरचा भाग आपला अर्धा करंट देत राहतो, आणि अडकलेला इन्व्हर्टर मग चार-साडेचार अँपिअर दाखवतो. शेजाऱ्यांकडून त्याच वेळेचे आकडे घेतलेत तर शंकाच उरणार नाही.

अडकलेला निघाला तर उपाय फुकट आहे. आजकालच्या बहुतेक इन्व्हर्टरांत ठरावीक मिनिटांनी सगळी व्होल्टेज पट्टी झाडून काढून सगळ्यात उंच जागा शोधायची सोय असते. कुणी त्याला शॅडो मोड म्हणतं, कुणी ग्लोबल एमपीपीटी, कुणी आणखी काही. फॅक्टरीतून ती बऱ्याचदा बंदच येते आणि बसवणाऱ्याच्या पासवर्डमागे दडलेली असते. सोलरवाल्याला फोन करून एवढंच सांगा, ‘शॅडो स्कॅन चालू करून द्या.’ ऑप्टिमायझरचा खर्च सांगणाऱ्याने आधी हे करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक अडचण मात्र बघून ठेवा: इन्व्हर्टरची एमपीपीटीची खालची व्होल्टेज मर्यादा. तुमच्याकडे सहाची स्ट्रिंग असल्याने दोन पॅनेलं गेली तरी १६० च्या वर व्होल्टेज उरतं, घरगुती इन्व्हर्टरला ते चालतं. पण चार पॅनेलांची स्ट्रिंग असती तर? उन्हाळ्यात सेल ६५ अंशांवर गेले की चार पॅनेलांचे १६६ व्होल्ट १४३ वर येतात. त्यातली दोन सावलीने सोडली की उरतात सत्तर. अनेक इन्व्हर्टर तेवढ्यावर कामच करत नाहीत. मग डायोड कितीही चांगले असोत, इन्व्हर्टरला फायद्याच्या टेकाडापर्यंत खाली उतरताच येत नाही. छोट्या स्ट्रिंगला सावली जास्त झोंबते ती यामुळे. म्हणूनच ‘सहाच्या दोन तीन-तीनच्या स्ट्रिंग करून दोन एमपीपीटीवर टाकू’ हा सल्लाही तुमच्या बाबतीत मी आंधळेपणाने देणार नाही.

आता ऑप्टिमायझर. तो प्रत्येक पॅनेलला आपापल्या करंटवर चालू देतो. सावलीतलं पॅनेल इतरांना मागे खेचत नाही. पण स्कॅन चालू केलेला इन्व्हर्टरही त्याला मागे खेचू देत नाहीच, तो त्याला सोडून देतो. फरक उरतो तो त्या सोडलेल्या पॅनेलांवर पडणाऱ्या अंधुक उजेडाच्या विजेचा. वरच्याच हिशेबाने ती दीड युनिटाचा पाचवा भाग होते, म्हणजे ०.३ युनिट, तेही हिवाळ्यातल्या दिवसांपुरतंच. जे ऊन टाकीने अडवलं ते कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही. शिवाय ऑप्टिमायझर पॅनेलच्या बाहेर असतो. पॅनेलच्या आतल्या तीन गटांतला मिसमॅच त्याला दिसत नाही, तिथे काम डायोडच करतो. आणि तो स्वतःही थोडी वीज खातो, सावली नसलेल्या आठ महिन्यांतही. चारी बाजूंनी झाडं-इमारती असलेल्या, तीन दिशांना उतरत्या छपरांच्या बंगल्यावर मी ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर (एकेका पॅनेलचा स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर) आनंदाने सुचवतो. एका टाकीसाठी सहा नग, हे मला पटत नाही.

मे महिन्यात सावली का दिसली नाही, हेही सांगतो, कारण पुढच्या वेळी कुणी गच्ची बघायला आलं तर उपयोगी पडेल. सांगली साधारण १६.८५ अक्षांशावर. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच तिथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत दुपारी सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. तेव्हा सकाळची उन्हं ईशान्य-पूर्वेकडून येतात आणि टाकीची सावली पॅनेलांच्या विरुद्ध बाजूला, नैऋत्येकडे पडते. डिसेंबरात सूर्य आग्नेयेतून वर येतो. साडेनऊ वाजता तो क्षितिजापासून ३० अंशांवर असतो, म्हणजे एक मीटर उंचीमागे १.७ मीटर सावली, आणि ती वायव्येकडे. तुमची टाकी पॅनेलांच्या पातळीपेक्षा दीड मीटर उंच असेल तर अडीच मीटर सावली. साडेअकराला तीच दीड मीटरच्या आत येते. गच्ची कुठल्याही महिन्यात बघा, हिशेब मात्र २१ डिसेंबरच्या सकाळचा आणि संध्याकाळचा करायचा. टाकी, जिन्याची खोली, कठडा, शेजारचा नारळ, डिश अँटेना, सगळ्यांचा.

टाकी हलवता येत असेल तर हलवा, सगळ्यात स्वस्त तेच. प्लंबरचं एका दिवसाचं काम. नाहीतर दोन पॅनेलं पश्चिमेकडे सरकवण्याइतकी जागा आहे का बघा. दोन्ही शक्य नसेल तर निदान सावली एकाच पॅनेलवर एकवटेल अशी मांडणी करून घ्या. माझ्या धंद्यातला सगळा अनुभव एका ओळीत सांगायचा तर सावली टाळता येत नसेल तेव्हा ती विखरू देऊ नये. सहा पॅनेलांच्या सहा कोपऱ्यांवर पडलेली हातभर सावली एका अख्ख्या पॅनेलवरच्या सावलीपेक्षा महाग पडते, कारण सहा गट जाण्याऐवजी तीनच गेलेले केव्हाही परवडतात.

आता भावाच्या पॅनेलांचा हिशेब. ३३० वॅटचं ७२ सेलचं पॅनेल म्हणजे अंदाजे ३७.५ व्होल्ट आणि ८.८ अँपिअर. दोन जुनी आणि सहा नवी, सगळी सिरीजमध्ये, अशी कल्पना करा. पाटीवरची बेरीज ३,९०० वॅट होते.

पहिला पर्याय, सगळी स्ट्रिंग ८.८ अँपिअरवर. कमी करंटला नव्या पॅनेलांचं व्होल्टेज थोडं चढतं, ४५.५ धरू. सहा नवी मिळून २७३, दोन जुनी ७५, एकूण ३४८ व्होल्ट. गुणिले ८.८, झाले ३,०६० वॅट. दुसरा पर्याय, करंट १३ ठेवून जुनी दोन्ही डायोडमार्गे सोडून द्यायची. २४९ मधून सहा डायोडांचे तीन व्होल्ट वजा, २४६ गुणिले १३, झाले ३,१९८ वॅट. आणि जुनी न जोडता? ३,२४० वॅट. म्हणजे ६६० वॅटची भर घालून तुम्ही ४० वॅट गमावले, तेही इन्व्हर्टरने बरोबर निवड केली तर. चुकली तर १८०.

खरा धोका त्याहून पुढचा. इन्व्हर्टरने दुसरा पर्याय निवडला तर जुन्या पॅनेलांचे सहाही डायोड भर उन्हात तासन्‌तास १३ अँपिअर वाहत बसतात. ते डायोड निवडले गेले तेव्हा पॅनेलचा करंट नऊच्या आसपास होता. डायोड अधूनमधून सावलीत कामाला यावा म्हणून असतो. रोज दिवसभर त्याला मुख्य वाट करणं म्हणजे जंक्शन बॉक्स जाळून घेण्याची तयारी. मी असे वितळलेले बॉक्स हातात धरले आहेत, वरून पॅनेल ठणठणीत दिसतं आणि मागे काळा गोळा झालेला असतो.

पॅरललमध्ये जोडावीत तर दोन जुन्यांचे ७५ व्होल्ट आणि तुमचे २४९, गाठच पडत नाही. त्या पॅनेलांचं काही करायचंच असेल तर शेतातल्या घराला बॅटरीवर दिवे-पंखे चालवा, किंवा त्यांना स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर द्या. दुसरा मार्ग धरलात तर आधी महावितरणकडे मंजूर असलेल्या क्षमतेचं बघा. नेट मीटरवर गुपचूप पॅनेलं वाढवू नका. अनुदान घेतलं असेल तर आणखीच जपून.

वेगवेगळ्या दिशांच्या पॅनेलांबद्दलही लोक गोंधळतात, म्हणून जाता जाता: पूर्वेचं आणि पश्चिमेचं पॅनेल एका सिरीजमध्ये कधीही घालू नये. पण पूर्वेची एक स्ट्रिंग आणि पश्चिमेची एक, दोन्हींत पॅनेलं तेवढीच आणि तीच, अशा दोन स्ट्रिंग एकाच एमपीपीटीवर पॅरलल केल्या तर तोटा नगण्य असतो. कारण वर सांगितलंच, उजेडाने करंट हलतो, व्होल्टेज नाही. कौलांच्या दुपाखी घरांना ही जोडणी छान बसते. स्ट्रिंग तीन किंवा जास्त झाल्या की मात्र प्रत्येकीला फ्यूज हवा. एकीत बिघाड झाला तर बाकीच्या तिच्यात उलटा करंट ढकलतात.

एकाच मॉडेलच्या पॅनेलांत फॅक्टरीतूनच येणाऱ्या बारीक फरकाचा बाऊ करू नका. पॅनेलं आता करंटनुसार गट पाडून येतात, आणि आलेखाचा माथा सपाट असल्याने नेमक्या बिंदूपासून एक टक्का इकडेतिकडे झालं तरी वॅट त्याहून कितीतरी कमी घटतात. तापमानाचंही तसंच. कोपऱ्यातलं पॅनेल बाकीच्यांपेक्षा दहा अंश तापलं तर त्याचं स्वतःचं व्होल्टेज तीन-साडेतीन टक्के पडतं, पण करंट जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे ते सिरीजमधल्या इतरांना त्रास देत नाही.

धुळीबाबत मात्र फरक करायला शिका. तुमच्या भागात गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी आणि उसाच्या पाचटाची राख गच्चीवर पडते, ती सगळ्या पॅनेलांवर सारखी बसते. तिने उत्पादन घटतं, पण तो मिसमॅच नव्हे. धुतलं की संपलं. कबुतराची विष्ठा आणि खालच्या फ्रेमपाशी साचणारी मातीची पट्टी, ही खरी मिसमॅचची घरं. पॅनेल कमी उताराचं असलं की पाणी खालच्या फ्रेमला अडतं, सुकतं आणि दोन-तीन बोटं रुंदीची चिखलाची पट्टी सोडून जातं. पॅनेल उभं बसवलेलं असेल तर ती पट्टी तिन्ही गटांचा तळ झाकते. जुन्या अखंड सेलच्या पॅनेलात त्याने तिन्ही गट आवळले जातात. हाफ-कटमध्ये फक्त खालचा अर्धा भाग. आडवं बसवलं तर एकच गट जातो. त्यामुळे पाइप मारताना नुसता वरचा भाग ओला करून खाली येऊ नका, खालची कड मऊ ब्रशने घासा. सकाळी, पॅनेल गार असताना. आणि पॅनेलवर पाय ठेवून नाही. माणसाच्या वजनाने सेलांना केसाएवढ्या चिरा पडतात, त्या दिसत नाहीत, पण चिरेपलीकडचा तुकडा तुटला की तो सेल कायमचा सावलीत गेल्यासारखा वागतो.

स्कॅन चालू करूनही दुपारी, सावली नसताना, शेजाऱ्यांपेक्षा तुमचे वॅट कमी दिसले तर मग वायरमन बोलवा. इन्व्हर्टर बंद करून डीसीडीबीवर (पॅनेलांच्या तारा येतात त्या पेटीत) ओपन सर्किट व्होल्टेज मोजायला सांगा. सहा पॅनेलांचं साधारण २९७ यायला हवं, दुपारच्या उष्णतेत २६०-२७० च्या घरात. शेजाऱ्यांच्या त्याच वेळच्या आकड्यापेक्षा तुमचा १४-१५ व्होल्टने कमी असेल तर एखादा डायोड शॉर्ट झालाय आणि एक गट कायमचा गेलाय. वीज कोसळून गेल्यावर हे होतं. डायोड उघडाच पडला, म्हणजे ओपन झाला, तर मात्र ओपन सर्किट व्होल्टेज अगदी बरोबर येतं आणि सगळे ‘ऑल ओके’ म्हणून खाली उतरतात. तो पकडायचा तर इन्व्हर्टर जोरात चालू असताना पॅनेलच्या एका गटावर पुठ्ठा धरून टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) स्ट्रिंगचा करंट बघायचा, आणि स्कॅन होईपर्यंत काही मिनिटं थांबायचं. डायोड चांगला असेल तर करंट परत वर येतो आणि व्होल्टेज एका गटाने खाली जातं. ओपन असेल तर पुठ्ठा काढेपर्यंत करंट पडलेलाच राहतो. पुठ्ठा जास्त वेळ धरू नका, डायोड ओपन असेल तर तो गट त्या वेळात तापत असतो. थर्मल कॅमेरा असलेला माणूस मिळाला तर उत्तमच, चालू स्ट्रिंगमधला सुटलेला गट पॅनेलच्या एक तृतीयांश पट्ट्यासारखा वेगळ्या रंगात दिसतो.

पॅनेलं सरकवायची वेळ आली तर एमसी-४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलांच्या तारा एकमेकींना जोडणारे प्लग, चालू करंटवर ओढू नका. एसीची ठिणगी विझते, डीसीची तशीच पेटत राहते. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसीडीबीतला आयसोलेटर (तारा तोडणारा खटका) खाली, करंट शून्य झालेला टाँग टेस्टरवर बघायचा, आणि मगच हात घालायचा. शक्यतो संध्याकाळी. परत जोडताना दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खुपसलेले तर नाहीत ना, तेही बघा; दिसायला बसतात, पण आत सैल राहतात आणि तापतात. साडेनऊचे डीसी आकडे आणि इन्व्हर्टरचं मॉडेल कळवा, स्कॅनची सेटिंग नेमकी कुठल्या मेनूत आहे ते सांगतो.